एक ठिपका, दोन ठिपके

मामांच्या शर्टाच्या खिशात नेलपॉलिशची बाटली असायची. लाल, भडक. झुपकेदार मिशा, खांद्यावर पंचा, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि इतरांच्या खिशात पेन असतं तिथं ही बाटली. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी तिथं कामाला लागले, पहिल्याच दिवशी ती बाटली पाहिली आणि मनात म्हटलं, आपण चांगल्या ठिकाणी येऊन पडलो!

ते नेमके कुणाचे मामा होते हे मला आजवर कळलेलं नाही. मालक मामा म्हणायचे, चहावाला म्हणायचा, गिऱ्हाइकंही म्हणायची. गाव मंगळवेढ्याच्या पलीकडची एक वाडी, घरी मेंढरं, शिक्षण दहावी आणि तीही गणितात अडकलेली. मला ते 'म्याडम' म्हणत. त्यात डिग्रीचा मान किती आणि टिंगल किती याचा अंदाज मला कधी आला नाही.

मशीन उघडलं की आतलं काहीही काढायच्या आधी ते बाटलीचं झाकण फिरवत. माहिती साठवणाऱ्या पहिल्या ड्राइव्हवर एक ठिपका, तिच्या वायरीच्या टोकावर एक ठिपका. दुसरीवर दोन, तिच्या वायरीवर दोन. मग ठिपका वाळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. मी म्हटलं, "मामा, मार्कर पेन आणू का?"

"मार्कर घामानं जातंय. आमचा बा मेंढरांच्या पाठीवर रंग लावायचा. चार कळप एका तळ्यावर आलं की कुनाचं कंचं कसं कळायचं? मेंढरू काय नाव सांगतंय व्हय?"

बाटली संपली की बांगड्यांच्या दुकानात स्वतः जायचे, नखावर रंग लावून बघायचे. दुकानातल्या बाईंनी एकदा विचारलं, "वहिनींना का?" मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाय, मशिनीला." त्या बाई पुढं मला रस्त्यात भेटल्या की मामांची तब्येत विचारायच्या, जरा काळजीनंच.

अशा खोडी पुष्कळ. काम सुरू करण्याआधी ते वहाणा काढायचे आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे. अंगातली वीज नाजूक भागात जाऊ नये म्हणून. पण गिऱ्हाइकांना वाटे खिडकीबाहेर देऊळ आहे, आणि तीही हात जोडायची. स्क्रीनवर आलेली प्रत्येक ओळ मामा मोठ्यानं वाचत, बोट ठेवून, आपल्या इंग्रजीत. मग तिचा अर्थ स्वतःशी मराठीत लावत आणि त्यानंतरच माऊसला हात. दुरुस्त झालेलं मशीन तीन वेळा बंद करून तीन वेळा चालू केल्याशिवाय 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. मला त्यांचा राग यायचा. माझा हात भराभर चालायचा आणि माझ्या मते तीच हुशारी होती.

सगळ्यात अवघड होता त्यांचा प्रश्न. मशीन टेबलावर ठेवलं की मामा गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचे आणि विचारायचे, "ह्यातलं काय गेलं तर रडाल?" माणसं गांगरायची. एक वकीलसाहेब चिडून म्हणाले, "मी रडत नसतो." मामा म्हणाले, "मग बिनघोर जावा, हितं काय बी गेलं तरी चालंल." वकीलसाहेब जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आईचा आवाज आहे एका फाइलमध्ये."

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक मशीन आलं. दोन नव्या एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या चपट्या ड्राइव्ह. त्या दोन्ही जोडून मशीनला एकच आहे असं भासवायचं, याला रेड म्हणतात. मी विंडोज टाकायला घेतलं तर पाटी आली, एकही ड्राइव्ह सापडत नाही. मी वायरी बदलल्या, पुन्हा तेच. शेवटी ड्राइव्ह मेल्या म्हणून जाहीर केलं. मामांनी पाटी सावकाश वाचली.

"म्याडम, 'न्हाय' म्हंजे 'दिसंना'. मशीन कदी खोटं बोलत न्हाय, पर त्याला दिसंल तेवडंच बोलतंय. नव्या गड्याची वळख करून दिली का तुमी?"

ओळख करून द्यायची म्हणजे ड्रायव्हर नावाची छोटी फाइल पेनड्राइव्हवरून आधी दाखवायची. ती बांधलेल्या गाठोड्यासारखी आली तर सोडून, मोकळी करून ठेवायची, नाहीतर विंडोज तिच्याकडं बघतही नाही. आम्ही ती दिली आणि ड्राइव्ह दिसली. मी चार वर्षं फी भरून हे शिकले नव्हते, म्हणून मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय मामा पुरे होत नाहीत.

मे महिना होता. सकाळी एक बाई रिक्षातून मशीन घेऊन आल्या, चादरीत गुंडाळून, लेकरासारखं कडेवर घेऊन. सगळे त्यांना अक्का म्हणत. घर तेलुगू, विणकरांचं, पण अक्का शिवणकामातल्या. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश ढिगांनी शिवले जातात, आणि कापड कापण्याआधी लागणारे पॅटर्न, म्हणजे बाही केवढी, खांदा कसा, याचे नकाशे, अक्का कॉम्प्युटरवर काढायच्या. मामा त्या वेळी बाहेर, एका दवाखान्यात प्रिंटर बघायला गेलेले.

"काल संध्याकाळी बंद केलं, आज उठतच नाही," अक्का म्हणाल्या. "शाळा उघडायला आल्या. आजच्या आज बघा, बाई." आणि त्या कारखान्यात गेल्या.

मी मामांचा प्रश्न विचारला नाही. मशीन चालू केलं, काळा पडदा, चालू करायला ड्राइव्हच नाही अशी पाटी. विंडोज गेलं, मी ठरवूनच टाकलं. दोन्ही ड्राइव्ह काढल्या, टोकं पुसली, परत बसवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. ठिपके मी दिले नाहीत. विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, आणि यादीत दोन्ही ड्राइव्ह समोर! ओळखसुद्धा करून द्यावी लागली नाही. मी खूश. दोन्ही कोऱ्या दिसत होत्या. पहिलीवर 'न्यू' दाबलं, म्हणजे नवीन जागा आख. पुढचं बटण फॉरमॅटचं.

तेवढ्यात वहाणा करकरल्या. मामांनी दारातूनच पडदा वाचला.

"दोन कशा दिसत्यात?"

"दोन आहेत म्हणून."

"येकाच मापाच्या दोन, म्हंजे रेड हाय की ही. एकच दिसाय पायजे." ते जवळ आले. "घड्याळ बघितलंस का मशीनचं?"

त्या दिवशी पहिल्यांदा ते मला 'तू' म्हणाले. घड्याळात कुठल्यातरी जुन्या वर्षाची एक जानेवारी होती. मशीनमध्ये नाण्याएवढा एक सेल असतो, तो घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवतो. तो मेला होता, बाकी काही बिघडलं नव्हतं. सेल मेला म्हणून मशीन स्वतःच्या दोन ड्राइव्हची जोडी विसरलं, त्या सुट्या दिसायला लागल्या आणि सुट्या म्हणून कोऱ्या. सेल बदलून सेटिंग पुन्हा रेडवर केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

"फॉरमॅट दाबलंस?"

"नाही. फक्त न्यू."

"हात वर घे."

त्यांनी मशीन बंद केलं आणि खुर्चीवर बसले. एसएसडीला फॉरमॅट म्हटलं की ती आतल्या आत झाडलोट करून टाकते, मग काही हाती लागत नाही. माझं ते एकच बटण दाबायचं बाकी होतं. पण 'न्यू' दाबल्यानं जोडीची खूण पुसली गेली होती, आणि ड्राइव्ह काढताना कोणती पहिली नि कोणती दुसरी हेही मी हरवलं होतं.

"अक्कांना फोन लाव."

"काय सांगू?"

"केलंस ते."

"मामा, तुम्ही सांगा ना."

"हात तुजा हुता. तोंड बी तुजंच पायजे."

मी फोन केला. शिलाई मशीनच्या खडखडाटात अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग अक्का म्हणाल्या, "येते." आल्या, खुर्चीवर बसल्या. मामांनी हळू आवाजात विचारलं, "अक्का, काय गेलं तर रडाल?"

"त्रेचाळीस मुलं," अक्का म्हणाल्या.

शहरात अपंग मुलांचं एक वसतिगृह आहे. कुणाच्या पायाला लोखंडी पट्ट्या, कुणाच्या काखेत कुबडी, कुणाचा एक खांदा खाली. तयार मापाचा गणवेश त्यांना बसत नाही. पूर्वी या मुलांना कपडे दोन महिने उशिरा मिळत, नाहीतर टाचण्या मारून घालावे लागत. अक्कांनी प्रत्येकाचं माप घेऊन प्रत्येकाचा पॅटर्न काढला होता. पट्टी लागते त्या पायाला बाजूनं चेन, कुबडीच्या बाजूला काखेत जास्त कापड. मुलं वाढतात, म्हणून दरवर्षी नवं. यंदाचं माप एप्रिलमध्ये घेतलं, आणि मुलं सुट्टीला गेली.

"एक केमला, एक मंगळवेढ्याला, कोण अक्कलकोटच्या पुढं. मी कुठं कुठं फिरू, मामा? पहिल्या दिवशी ती सगळ्यांसारखी दिसतात हो. तेवढा एक दिवस." मग म्हणाल्या, "दोन ड्राइव्ह होत्या की. एक गेली तरी दुसरी आहे, असंच मी धरून चालले."

इथंच लोक फसतात. रेड दोन तऱ्हेचं असतं. एकात दोन्ही ड्राइव्हवर तेच लिहिलं जातं. दुसऱ्यात प्रत्येक फाइलचे तुकडे होतात, एक हिच्यावर, पुढचा तिच्यावर. वेग वाढतो, पण एक गेली की दोन्ही गेल्या. अक्कांना मशीन जुळवून देणाऱ्यानं वेगाचं दिलं होतं. मामांनी समजावलं, "पोथी एकच हाय. काई पानं थोरल्याच्या घरी, काई धाकल्याच्या. आता थोरला कोन ते कळंना, आन् किती किती पानांनी वाटणी झालती ते बी कळंना. पर पानं हायती. तीन दिवस द्या."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मग आता बसा कामाला."

मामांनी दोन्ही ड्राइव्हवर ठिपके दिले, वाळू दिले, आणि त्यांची तंतोतंत नक्कल दोन नव्या ड्राइव्हवर करायला लावली. मूळ ड्राइव्ह कपाटात, किल्ली मामांच्या करगोट्याला. जे काही करायचं ते नकलेवर. नक्कल चालू असताना वीज गेली. इन्व्हर्टर जुना, किती टिकेल नेम नाही. मामांनी पंखा बंद केला, दिवे बंद केले, मालकांचा एसीसुद्धा बंद केला. सोलापूरचा मे महिना, पत्र्याचं छत. मालक येऊन बोलू लागले तर मामांनी ओला पंचा त्यांच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "मालक, पोरांचं हाय." मालक गुमान खाली रसवंतीवर जाऊन बसले.

मग जोडणी. आधी ही पहिली, मग ती पहिली. वाटणी एवढ्याची, वाटणी तेवढ्याची. दर खेपेला अंदाज धरायचा, सॉफ्टवेअरला तासभर द्यायचा, मग एखादा फोटो उघडून बघायचा. अक्का प्रत्येक मुलाला भिंतीशी उभं करून फोटो काढत, म्हणजे माप कुणाचं ते कळावं. फोटो उघडे, कपाळ दिसे, डोळे दिसत, आणि हनुवटीखाली नुसते रंगीत पट्टे. दुसरा अंदाज, दुसरा फोटो, या वेळी गळ्यापर्यंत. जोडणी खरी असेल तरच फोटो पायापर्यंत येणार होता. मामांचा एकच प्रश्न, "खालपत्तुर उगडला का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हात टेकले. "मामा, नाही होणार."

"न्हाय कोन म्हनतंय? मशीन का तू?"

"मी."

"मग भाकरी खा. आन् पुन्यांदा बग."

शेंगाची चटणी, कडक भाकरी, वर लिंबाचं पाणी. मी खाल्लं आणि पुन्हा बसले. सांगून टाकते, त्या दिवशी मी मुलांसाठी बसले नव्हते. मला त्या माणसासमोर हरायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाआधी एका मुलाचा फोटो उघडला. कपाळ, डोळे, हनुवटी, मग शर्टाची बटणं. मी खाली सरकवत गेले. गुडघे आले, कुबडी आली, आणि कुबडीच्या टोकाचं काळं रबर आलं, त्याच्याखाली फरशी. मला हुंदका फुटला आणि थांबेना. मामांनी खिडकीचा गज धरला. या वेळी ते वीज सोडत नव्हते, असं मला वाटतं. मग म्हणाले, "रड नंतर. समदे उगड."

बेचाळीस मुलांचे फोटो आणि पॅटर्न उघडले, एकाचं उघडेना. माझ्या त्या 'न्यू'नं थोडी जागा खोडली होती, ती नेमकी त्याच फाइलवर पडली असावी. केमची एक मुलगी, चौथीतली. डावा हात कोपरापासून नाही. अक्का म्हणाल्या, "असू दे, अंदाजानं कापते." मामा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "मी जाते केमला."

त्याआधी मामांनी अक्कांचं मशीन माझ्याकडूनच उभं करून घेतलं. नवा सेल, घड्याळ आजचं, सेटिंग रेडवर, पण या खेपेला दोन्हींवर तेच लिहिणारं. विंडोज म्हणालं ड्राइव्ह नाही, मी म्हटलं दिसत नसेल, आणि ओळख करून दिली. तीन वेळा बंद, तीन वेळा चालू. सगळ्याची एक वेगळी प्रत अक्कांच्या हातात. अक्कांनी विचारलं, "आता हळू चालेल का?" मामा म्हणाले, "जरा हळू. पर झोप लागंल."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अक्कांनी मोबाइलवर फोटो पाठवला. त्रेचाळीस मुलं ओळीत, गणवेशात. मामांनी माझा फोन घेतला आणि त्यांच्या सवयीनं वरून खाली बोट फिरवत गेले, पार शेवटच्या चपलेपर्यंत. मग फोन परत देत म्हणाले, "झालं." तीन वेळा बंद-चालू न करता त्यांच्या तोंडून 'झालं' ऐकलं ते तेवढंच.

पुढं मेंढरांकडं बघायला कुणी उरलं नाही म्हणून मामा गावी परत गेले. दुकान आता मी बघते. सगळी मशिनं ठिपक्यांनी ओळखते. पण मामांची आठवण म्हटली की मला तो फोटो आठवत नाही, केमहून परत आले ती संध्याकाळ आठवते.

निघताना मामांनी खिशातली बाटली माझ्या हातात दिली होती. "टेप सरकती. आदी ठिपका दे, मग माप घे." अक्कांनी कुठं कुठं मोजायचं ते शिकवलं. सकाळच्या गाडीनं केमला उतरले, विचारत विचारत शेतातल्या घरी गेले. मुलगी दारातच होती. तिचा जुना गणवेश तिला घालून मी खांद्यावर एक ठिपका दिला, कोपराशी दोन, आणि माप घेतलं, दोनदा घेतलं. ती सारखी बाटलीकडं बघत होती.

"माज्यावर लावा की."

मी तिच्या उजव्या हाताची पाचही नखं रंगवली. तिनं ती उन्हात धरली, बघून घेतली. मग बाही वर करून डावं कोपर पुढं केलं. "हितं बी एक."

मी तिथं एक ठिपका दिला. वाळेपर्यंत आम्ही दोघी बसलो. फुंकर मारली नाही.

संध्याकाळी मामांनी बाटली उजेडात धरून बघितली. "लई वापरली की, म्याडम. किती लागले?"

"गणवेशावर तीन."

"आन्?"

"तिच्यावर सहा."

त्या मुलीला एकच हात आहे हे त्यांना अक्कांकडून ठाऊक होतं. मामा गणितात नापास झालेले, पण ते मनात मोजत होते हे मला दिसलं. मग त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं आणि ती माझ्या पर्समध्ये टाकली.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," ते म्हणाले, "मी दुसरी आणतो."